शेजारच्या सीटसाठी

गाडी ब्रेकच्या कामाला टाकलीय, असं नवऱ्याने सांगितलं होतं. त्याच्या शर्टाच्या खिशात गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या दुकानाचं कार्ड निघालं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षांची जुनी आलिशान गाडी, आणि गाणं लागलं की उठून जाणारा हा माणूस. साठीत याला अचानक स्पीकर कुणासाठी हवेत?

ती तडक दुकानात गेली. गाडीच्या दारांचं अस्तर काढलेलं होतं, वायरी लोंबत होत्या. आपण कोण, हे तिने कारागिराला सांगितलं नाही.

"मलाही जुन्या गाडीत असंच करून घ्यायचंय. या गाडीवाल्यांनी काय काय सांगितलंय?"

"यांचं जरा वेगळं आहे, ताई. शेजारच्या सीटवर एक बाई बसतात. सगळा आवाज त्यांच्या सोयीने हवाय. साहेब तीनदा येऊन स्वतः त्या सीटवर बसून ऐकून गेले."

"कोण बाई?"

"ते नाही विचारलं. पण आपल्यात म्हणून सांगतो, बाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही. म्हणून आवाज उजवीकडे वळवायचाय, तोही त्यांना कळू न देता. दोन वर्षं त्या घरात सगळ्यांपासून लपवतायत म्हणे."

तिने डाव्या कानावरचे केस नीट पुढे ओढून घेतले.

"मी येऊन गेले," ती शेवटी म्हणाली, "हे साहेबांना सांगू नका."