दहाव्याचे कावळे

दुष्काळात नदीला थेंब नव्हता, म्हणून मुरुडच्या व्यंकटरावाचा दहावा त्याच्याच बोअरपाशी चालला होता. शेजारी, भिंतीअलीकडे, आपल्या परसातल्या कडुलिंबाखाली, किशन गुरुजी पहाटेपासून गावभरच्या कावळ्यांना भाकरी कुस्करून घालत होते.

गेल्या चैत्रात पाखरांच्या वाडग्यासाठी त्यांनी व्यंकटरावाकडे तांब्याभर पाणी मागितलं होतं. "पाखरं मतदान करतेत का, गुरुजी?" म्हणून व्यंकटराव हसला होता. त्या आठवड्यात परसात चिमण्या मरून पडल्या.

पिंडाला कावळा शिवेना. थोरला मुलगा शेषेराव हात जोडून म्हणाला, "दादा, मायला सांभाळतो." कावळा आला नाही. "धाकट्याला वरचं शेत देतो." तरी नाही. ऊन चढलं. आपण पाप करतोय, असं गुरुजींना वाटलं; तरी त्यांनी शेवटची भाकरी मोडली.

इतक्यात व्यंकटरावाची बहीण भामाबाई खेकसली, "आरं, गुरुजीच्या पाखरांना पाणी न्हाई म्हणला होता न्हवं? त्ये बोल की!"

"दादा, गुरुजीच्या पाखरांना रोज घागरभर पाणी देतो."

गुरुजींनी उरलेली भाकरी पंच्यात गुंडाळली आणि जोरात टाळी वाजवली. कावळे भिंतीपलीकडे उडाले, पिंडावर उतरले.

संध्याकाळी शेषेराव पहिली घागर घेऊन आला. "दादाचा जीव तुमच्या पाखरांत अडकला होता बघा, गुरुजी."

"हाव," धोतरावरचे भाकरीचे कण झटकत गुरुजी हळूच म्हणाले. "घागर चुकवू नको, शेषेराव. वर्षश्राद्धाला पुन्हा कावळा लागंल."