पाठमोरी होडी

“हाही नाही,” फोटोवाले म्हणाले आणि हातातला फोटो त्यांनी पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

घाटाच्या पायरीवर कपडे पिळत बसलेल्या बाईला राहवलं नाही. “कोण हरवलंय, बाबा? ही नवरी का?”

“नवरी इथंच आहे,” मागून त्यांची बायको म्हणाली. “पायांत गोळे आलेत तिच्या.”

फोटो त्या दोघांच्या लग्नाचा होता. पण सकाळपासून फोटोवाल्यांनी त्यातल्या नवरीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांचं लक्ष होतं मागच्या पडद्यावर. नदी, नदीकाठची देवळं, उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि एक होडी. हा पडदा त्यांनी स्वतः रंगवला होता, स्टुडिओ नवा होता तेव्हा. पुढं जन्मभर गावानं त्याच्यासमोर फोटो काढून घेतले. या शहरात येणं ज्यांना कधी जमलं नाही, त्यांची यात्रा त्या पडद्यापुढं स्टुलावर बसून झाली. रंगवणाऱ्याचीही तीच गत. दुकान सोडून कसं जाणार?

पडदा रंगवला होता तो आईच्या सांगण्यावरून. ती या शहरी येऊन गेली होती, फोटोवाले अंगावर पीत होते तेव्हा. ‘तुला मांडीवर घेऊन संध्याकाळभर बघत बसले होते,’ एवढं सांगताना तिचा चेहरा उजळायचा. त्या प्रवासात पोराला गोवर निघाला होता, हे ती जाता जाता सांगायची आणि लगेच देवळांकडं वळायची. मुलगा रंगवू लागला की ही मागं उभी. कळस लहान कर, एवढे मोठे नव्हते दिसत. पायऱ्या बारीक काढ, बोटाच्या पेरांसारख्या. मधे पाणी हवं, भरपूर पाणी. सूर्य देवळांच्या मागं. आणि होडी काढ, पण पाठमोरी. माणसांची तोंडं दिसायला नकोत.

“अगं, पाठी कोण बघणार?” मुलगा वैतागला होता. “आणि तू कुठं आहेस यात?”

“मी कशी दिसेन? मी बघत होते ना,” आई म्हणाली होती.

आता दुकान बंद झालं होतं, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई बसली होती त्या पायरीवर एकदा बसायचं, एवढीच फोटोवाल्यांची इच्छा. बायकोनं सामान बांधलं आणि दोघं निघाली. पण ती पायरी काही सापडेना. घाटामागून घाट झाले. बोळांत दोनदा चुकून दोघं त्याच पानवाल्यापाशी येऊन उभी राहिली. कळस तर मान दुखेपर्यंत वर बघावे एवढे उंच. पायऱ्या अशा दांडग्या की उतरताना गुडघे बोलत होते. आणि ऊन कललं तसा सूर्यही पाठीमागं गेला. घाटावर बसून नदीकडं तोंड केलं, की सगळी देवळं पाठीशी जायची. मग आईला ती समोर दिसली कशी?

“आईनं थापा मारल्या,” फोटोवाले शेवटी म्हणाले. “ती इथं आलीच नव्हती. ऐकीव गोष्टी सांगितल्या आणि मी येड्यासारखा रंगवत बसलो.” त्यांना आईचा राग आला होता. तो आला याची लाजही वाटत होती.

“काहीतरीच बोलू नका,” बायको म्हणाली. “सासूबाईंनी मला वाट्टेल ते ऐकवलं असेल, पण खोटं कधी नाही.”

शेजारी होडी बांधून बसलेला नावाडी हे ऐकत होता. “बाबा, पलीकडं चला,” तो म्हणाला. “तिकडून अख्खं शहर एका नजरेत मावतं. पाहून झालं की परत आणून सोडतो.” फोटोवाल्यांची इच्छा नव्हती. पण होडीत बसून जायचंय म्हटल्यावर बायको आधीच उठली होती.

पलीकडं नुसती वाळू होती आणि एका जुन्या चौथऱ्याचे दगड. फोटोवाले उतरले, चप्पल झटकली आणि मागं वळले. समोर त्यांचा पडदा होता. लहान लहान कळस, पेरांएवढ्या पायऱ्या, मधे भरपूर पाणी, आणि देवळांच्या मागं मावळता सूर्य. त्यांनी फोटो समोर धरला. एकही रेघ चुकली नव्हती.

“इथं काय होतं पूर्वी?” त्यांनी विचारलं.

“स्टेशन,” नावाडी म्हणाला. “पूल नव्हता तेव्हा गाडी इथंच संपायची. पुढं होडीनं. पण अंगावर पुरळ आलेलं पोर आमचे आजोबा होडीत घेत नसत. साथीची भीती. मग त्या पोराची आई इथंच बसून राहायची, घरचे दर्शन करून येईपर्यंत.”

बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. फोटोवाले चौथऱ्याच्या दगडावर सावकाश टेकले आणि किती तरी वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फोटोतल्या होडीवर बोट ठेवलं.

“हे आमच्या घरचे,” ते म्हणाले. “बाबा, आजी, काका, सगळे. फक्त आई आणि मी, आम्ही दोघंच नाही यात.”