कोवळं इंजिन

रिमोटवरच्या छोट्या रेसगाड्या मैदानात सुसाट पळत होत्या. लेकीची मात्र आजच नवं इंजिन बसवलेली गाडी धूर सोडत रांगत होती.

“काका, बैलगाडी आणली व्हय?” एक पठ्ठ्या ओरडला. माझं डोकं सटकलं. मी लेकीच्या हातातला रिमोट हिसकावला. “थांब, दाखवतोच यांना!”

तिनं धावत जाऊन गाडी उचलली, इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन बंद केलं.

“बाबा, कोवळं आहे ते अजून. आज पळवलं तर कायमचं बिघडेल. हसू देत की त्यांना.”

इंजिन निवल्यावर तिनं माझ्याकडून रिमोट परत घेऊन गाडी पुन्हा सोडली. तशीच, मुंगीच्या पावलांनी. पोरं पुन्हा हसली.

मी मिरवणुकीत चालावं तसा छाती फुगवून आमच्या बैलगाडीमागं चालू लागलो.