इतिहास नसलेला खांब

राजवाड्यातल्या त्या खांबाला काहीच इतिहास नव्हता. तिथवर पोचेपर्यंत मंडळी जांभया द्यायला लागायची. म्हणून गाईडनं एके दिवशी ठोकून दिलं, "या खांबाला हात लावून नाव घ्या. घर सोडून गेलेलं माणूस परत येतं."

(इथे जरा थांबायचं. लोक हसतात. मग एकेक जण हळूच पुढे होतो.)

पाच वर्षांत दगड हाताच्या उंचीवर गुळगुळीत झाला. कुणी परत आलं का, याची चौकशी गाईडनं कधी केली नाही.

आज अकराच्या फेरीत त्याची आई होती. तिकीट काढून, रांगेत उभी राहून आलेली. उभ्या आयुष्यात तिनं राजवाड्यात पाऊल ठेवलं नव्हतं. धाकटा भांडून निघून गेला त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं.

(इथे जरा थांबायचं.) गाईड थांबला नाही. मंडळींना पुढच्या दालनात पिटाळून तो आईकडे आला.

"अगं आई, थापा आहेत त्या. मीच रचल्यात."

"मला सांगतोस? स्वयंपाकघरात माझ्यासमोरच तर पाठ करत होतास."

"मग कशाला आलीस?"

तिनं खांबाला हात लावला. "नाव मनात घ्यायचं की मोठ्यानं, तेवढं सांग."

पुढच्या दालनातून कुणीतरी हाका मारत होतं.

"मोठ्यानंच," तो म्हणाला. "तसा नियम आहे इथला."