देवाची टक्केवारी

“नवस बोललीस तर फेडायचा, शालन. देव विसरला तरी आपण विसरायचं नाही.” चहा गाळताना शालनला सासूबाईंचं हे सांगणं नेमकं आठवलं.

बाहेर सोप्यात संख्याशास्त्राचे मगदूम सर लॅपटॉप उघडून बसले होते. कॉलेजनं तिच्या नवऱ्याला कालच फुटबॉलच्या कोचपदावरून काढलं होतं आणि सर त्याला गोडीनं समजावत होते.

“इंगवले, तू तीस टक्के सामने जिंकलास. तुझ्या आधीचा कोच साठ टक्के.”

“माझा गोलकीपर अख्खा सीझन प्लास्टरमध्ये होता, ते कुठल्या रकान्यात मांडलंय?”

“त्याला रकाना नाही रे.”

शालननं कप ठेवले. प्रत्येक सामन्याला तिचा कडक उपास असायचा. म्हणजे जोतिबाचीही टक्केवारी तीसच. फक्त त्याला काढायला कमिटी नव्हती.

मात्र दिवाळीत मैदानावर ओरडता ओरडता नवरा छाती धरून खाली बसला, तेव्हापासून तिनं मागणंच बदललं होतं. ‘कप राहू दे. ह्यांना धडधाकट घरी बसव, अनवाणी डोंगर चढून येते.’ एवढं एक काम देवानं चोख केलं होतं.

“तू एवढे उपास केलेस,” नवरा चहात बघत म्हणाला, “काय उपयोग झाला?”

“झाला की थोडाफार.”

त्याचा उतरलेला चेहरा बघून तिनं त्याच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. मग पदराआड नारळ घेतला, चपला दारातच ठेवल्या आणि ती जोतिबाच्या वाटेला लागली.