दहा ते पाच

आल्याचा चहा. भुवयांवर सुताचा भुगा. आठ ते आठची ड्युटी. सरकारी दवाखान्याने ठेवायला दिलेले टीबीच्या गोळ्यांचे, नावं चिकटवलेले डबे. हे सगळं आक्काच्या टपरीत एकत्र यायचं. पॉवरलूमचे टीबी झालेले कामगार ड्युटीवर जाताना तिच्यासमोर गोळ्या गिळायचे, मगच त्यांना चहा मिळायचा. आज आरोग्य विभागाचं टेंडर मिळालेल्या ठाण्याच्या संस्थेचा सुपरवायझर डबे न्यायला आला. “मावशी, आता गोळ्या आमच्या सेंटरवर. दहा ते पाच.” “तवा ही पोरं लूमवर असत्यात.” “टेंडरमध्ये टपरी बसत नाही.” तेवढ्यात ड्युटीला निघालेला नसीम खोकत आला. “आक्का, गोली?” आक्काने सुपरवायझरच्या पिशवीतून नसीमचा डबा हिसकावून आजच्या गोळ्या त्याच्या तळहातावर आपटल्या. “गीळ. उद्यापासून मरायचं असलं तर दहा ते पाचमदीच मर.” त्या सेंटरची फीत मागच्या सोमवारी आक्कानेच कापली होती, फोटोत वस्तीतली बाई हवी होती.