ओला अंगठा

दवाखान्याचं नकाराचं पत्र मालकाने तिसऱ्यांदा वाचलं आणि टेबलावर आपटलं.

कंपनीचा कर पंधरा तारखेला भरायचा होता, भरला गेला अठराला. दंड म्हणाल तर अगदीच किरकोळ, महिन्याच्या चहापाण्यात खपून जाईल एवढा. पण वर्षभरात एकदा जरी कर उशिरा भरला असेल, तर त्या कंपनीकडून बँडेज घ्यायची नाहीत, असा त्या दवाखान्याचा नियम. कंत्राट हातातोंडाशी आलं होतं. त्याच्या भरवशावर नवं कापायचं मशीन आणलं होतं, सहा बायका जास्तीच्या कामावर घेतल्या होत्या.

"त्या थुंकऱ्याची करणी," मालक म्हणाला.

त्याची थोरली बहीण डोक्यावरची कागदी टोपी काढत दारात उभी होती. बँडेज बांधणीचा सगळा विभाग तीच बघायची.

"काकांना असं बोलू नकोस. बाबांच्या काळात त्यांची एक तारीख चुकली नाही. सकाळी कागद समोर ठेवायचे, बाबा तिथल्या तिथे सही करायचे, दुपारी काम फत्ते."

"बाबांचं पोट घट्ट होतं. मला मळमळतं."

खोटं नव्हतं ते. ज्या कंपनीत बायका कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कापसाला शिवत नसत, तिथला हा हिशेबनीस, सगळ्यांचा काका, पान उलटायला अंगठा सबंध तोंडात घालायचा. फाइलींचे कोपरे फुगून पिवळे पडले होते. चहाचा थेंब मिशीत अडकला की दुपारपर्यंत तिथेच मुक्काम. बोलायला तोंड उघडलं की समोरच्याच्या चष्म्यावर शिंतोडे. मालकाला त्याच्याकडे बघून शिसारी यायची, आणि वडिलांचा माणूस म्हणून काढताही येत नव्हतं. मग त्याने नियम केले. काकांनी बोलायचं नाही, काय ते लिहून द्यायचं. काकांचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा. आणि नुकतीच त्याने खिडकीत एक पत्र्याची पेटी आणून ठेवली होती. काकांच्या हातचा कागद तीन दिवस तिथे उन्हात तापल्याशिवाय मालक त्याला बोट लावत नसे. बहीण त्या पेटीला कोंडवाडा म्हणायची.

गुरुवारी काका नऊऐवजी साडेअकराला उगवले. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. आल्या आल्या मोरीत शिरले आणि बराच वेळ पाणी वाजवत बसले. मग ओलेच हात घेऊन, दोन बोटांत एक पाकीट धरून टेबलासमोर आले. खिशावर बाहेरून येणाऱ्यांना लावतात तो दवाखान्याचा गोल स्टिकर होता.

मालकाने खुर्ची मागे ओढली. "दवाखान्यातून येताय? आणि तसेच माझ्या अंगावर?"

"मालक, मी—"

"आधी मी बोलतो. पंधराचं काम अठराला झालं. का?"

काकांनी पेटीकडे बघितलं, मग मालकाकडे. "कागद तर मी—"

"तोंडाने नको! सहा बायकांच्या पोटावर पाय आला तुमच्यामुळे. आजपासून येऊ नका. पगार घरी पोचेल."

म्हाताऱ्याने पाकीट पुढे केलं. "हरकत नाही. पण एवढं एकदा आत्ता—"

एक थेंब उडाला आणि टेबलाच्या काचेवर पडला, बरोबर मालकाच्या मनगटाशेजारी. मालक ताडकन उठला.

"लिहिलंय ना त्यात सगळं? मग गप्प बसा! निघा!"

त्याने फूटपट्टीने पाकीट ढकलत ढकलत खिडकीपर्यंत नेलं, पेटीत पाडलं आणि झाकण लावलं. माफीनामा असणार, नाहीतर शिल्लक रजांचं रडगाणं. काकांनी त्या झाकणाकडे बघितलं. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग हाताने झाकून घेतलं. चप्पल घालून ते निघून गेले. बहीण त्या वेळी मशीनवाल्याकडे गेली होती, मशीन परत घेतील का विचारायला. तिला हे संध्याकाळी कळलं.

शनिवारी सहा बायकांना हिशेब देऊन घरी पाठवलं. त्यातली एक बँडेजच्या ढिगात तोंड खुपसून रडली. मालकाला वाईट वाटलं, आणि तो ढीग फेकून द्यायला सांगावा लागला त्याचंही वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी मशीन टेम्पोत चढलं. काकांच्या खुर्चीवर नवी हिशेबनीस बाई बसली. ती बोटाला रबरी टोपी घालून पानं उलटायची. मालकाने तिच्याकडे बघून कित्येक दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. खोलीला फिनेलचा वास येत होता.

काकांची शेवटची घाण तेवढी राहिली होती. मालकाने हातमोजे चढवले, पेटी उघडली, चिमट्याने पाकीट बाहेर काढलं. फाडून टाकायच्या आधी एकदा नजर टाकावी म्हणून त्याने ते उघडलं. आत दवाखान्याचा शिक्का मारलेलं एक टाइप केलेलं पत्र होतं, खाली सहीची जागा कोरी. वर काकांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी टाचलेली. एकाही कोपऱ्याला डाग नव्हता.

"मालक, आज गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना भेटलो. उशीर माझ्यामुळे झाला, कंपनीची चूक नाही, असं लिहून दिलं. त्यांनी ऐकलं. सोबतच्या पत्रावर सही करून ते उद्या, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पोचवा, कंत्राट आपलंच आहे. कराच्या कागदाचं झालं तसं याचं होऊ नये, म्हणून दोनदा साबणाने हात धुऊन आणि तोंडाला रुमाल बांधून लिहिलं आहे. कृपया पेटीत टाकू नये."